चार पन्नासला जागा होणारा पिंजरा

मित्रांनो, मी पिंजरा. जुना आहे, लोखंडाचा आहे, माणसाच्या गुडघ्याहून उंच आणि कमरेहून ठेंगणा आहे. मला चार पाय आहेत पण मी चालत नाही. दार आहे पण मी घर नाही. आणि तोंड नसून बोलतो आहे, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. त्याचं असं झालं, की तरुणपणी माझ्यात एक बदक राहायला होतं, त्याने मला बोलायला शिकवलं. बदक थापाडं होतं, त्यामुळे शिकवणीत थोडं इकडचं तिकडचं मिसळलं. तेव्हा मी सांगेन त्यातलं निम्मं खरं माना. कुठलं निम्मं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म एका वेल्डरच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक टेबल आणि एक काळा चष्मा. बँकेच्या खिडकीचे गज करून उरलेल्या सळयांतून त्याने मला उभं केलं, त्यामुळे रक्ताने मी बँकेचा आहे. त्याचा हात इतका स्थिर होता, की वेल्डिंग चालू असताना चिमणी त्याच्या मनगटावर बसून झोप काढून जायची. एकदा म्हणे तिने तिथे अंडंसुद्धा घातलं. मी ते पाहिलं नाही, कारण तोवर माझी एकच बाजू तयार झाली होती आणि ती पाठीची होती. शेवटी जेवायची वेळ झाली म्हणून त्याने दाराची खिटी जरा घाईत बसवली. हलवून बघितली, "चालतंय," म्हणाला आणि डबा उघडला.

पुढची वीस वर्षं मी जनावरांच्या डॉक्टरांकडे नोकरी केली. नोकरीच म्हणायची. पाय मोडलेली मांजरं, ताप आलेले ससे, दोरा गिळलेली पिल्लं, सगळी माझ्यात बरी झाली. एक बोका ऑपरेशननंतर सलग नऊ दिवस झोपला. मांजराला नऊ जन्म असतात म्हणे, एकेका जन्माला एकेक दिवस. आणि ते बदक माझ्या चौकोनी तळाकडे बघून बघून चौकोनी अंडी घालायला लागलं. डॉक्टर ती एकावर एक रचून ठेवत. "हा पिंजरा म्हणजे माझा निम्मा दवाखाना," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. ही मात्र अक्षरशः खरी गोष्ट आहे.

पण डॉक्टर थकले, दवाखान्याचे दिवस आठवड्याला दोनवर आले आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. माझ्यावर बादल्या पालथ्या घातल्या गेल्या. पावसाने गंज चढवला. एका वेलीने माझ्यावर हक्क सांगितला आणि एका सरड्याने आत बिऱ्हाड थाटलं. मित्रांनो, रिकाम्या पिंजऱ्याएवढं रिकामं जगात काही नसतं. रिकाम्या डब्यात निदान अंधार तरी राहतो. माझ्यातून तोही आरपार जायचा.

अशा अवस्थेत मी तीन वर्षं काढली. मग एका शनिवारी दवाखान्याचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला एक घड्याळजी आले. बारीक अंगाचे, डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई कायमची वर गेलेली. त्यामुळे ते सतत कसलं तरी नवल करताहेत असं वाटायचं, आणि खरं म्हणजे ते करतच असायचे. त्याच सकाळी दाराशी कोणीतरी खोक्यातून एक पिल्लू सोडून गेलं होतं. तपकिरी, अडीच-तीन महिन्यांचं, एका कानाने उभं आणि दुसऱ्याने आडवं. घड्याळजी शिडीवर चढले, तर ते खाली बसून लंबकाकडे बघू लागलं. लंबक डावीकडे गेला की मान डावीकडे, उजवीकडे गेला की मान उजवीकडे, आणि मागे शेपटी त्याच तालात. घड्याळजी शिडीवरच थांबले.

"डॉक्टर, हे कोणाचं?"

"तुमचं," डॉक्टर म्हणाले. "आणि हा पिंजराही न्या."

त्यांनी तीन नियम बजावले. पिंजरा ही पिल्लाची खोली आहे, कोठडी नव्हे, दिवसा दार उघडं ठेवायचं. भुंकत असताना दार उघडायचं नाही. आणि भुंकत असताना खाऊ तर अजिबात द्यायचा नाही. घड्याळजींनी तिन्ही नियम पाकिटातल्या चिठ्ठीवर उतरवून घेतले. घरी जाताना पिल्लाचं नावही ठरलं, लंबक.

घड्याळजींचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मधे अरुंद बोळ. त्या बोळात भिंतीला टेकवून मला ठेवलं. भिंतीपलीकडे एक बेकरी होती, आणि वरच्या मजल्याचा जिना माझ्या शेजारीच उतरायचा. घरात घड्याळजी, त्यांची बायको आणि मुलगी. बायको टपाल कार्यालयात पत्रं लावायच्या कामावर होती आणि नियमांची पक्की होती. तिने चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली. मुलगी अकरा वर्षांची. लहानपणापासून वडिलांचा चिमटा हातात घेऊन बसायची म्हणून तिला सगळे चिमटीच म्हणायचे. तिने माझ्या गंजाला सँडपेपर घासला, निळा रंग दिला, आत जुनी सुती चादर घातली. त्या रात्री कितीतरी वर्षांनी माझ्यात कोणीतरी श्वास घेत होतं. मी झोपलो नाही. बदकाची शपथ, डोळ्यांत पाणी आलं असतं, पण पाण्याने मी गंजतो.

पहाटे मला अंगात बारीकशी शिरशिरी आली. म्हातारपणाचं असेल, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. तेवढ्यात लंबक ताडकन उठला आणि भुंकायला लागला.

भुंकणं म्हणजे कसं, तर आधी एक "भू", मग विचार केल्यासारखा खंड, आणि मग थांबायचं नावच नाही. वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. घड्याळजींनी मनगटावर बघितलं. चार पन्नास.

दुसऱ्या दिवशी चार पन्नास. तिसऱ्या दिवशी चार पन्नास.

"घड्याळ नाही, काही नाही," नाश्त्याला घड्याळजी म्हणाले, "आणि हा मिनिटाला पक्का. माझ्या दुकानातली दोन घड्याळं याच्यावरून लावता येतील."

"लावा," बायको म्हणाली. "पण वरच्या नर्सबाईंना गिऱ्हाईक समजू नका."

वरच्या नर्सबाईंची ड्यूटी संध्याकाळची. रात्री एकला अंग टाकायच्या आणि सहाला उठून सासऱ्यांना चहा आणि गोळ्या द्यायच्या. एवढीच त्यांची झोप, आणि ती लंबक मधोमध फाडत होता.

बुधवारी मात्र नवल झालं. पहाटे शिरशिरी नाही, भुंकणं नाही, सात वाजले तरी लंबक पाय वर करून घोरत होता.

"बुधवारी त्याची साप्ताहिक सुट्टी असेल," चिमटी म्हणाली.

"मग गुरुवारी पुन्हा कामावर कशाला आला?" घड्याळजींनी विचारलं, आणि वर गेलेली भुवई आणखी वर गेली. त्यांनी भिंतीवर कागद लावला. वार, वेळ, हवा, आदल्या दिवशीचं जेवण, सगळं लिहायला सुरुवात केली.

रविवारी घरमालकीणबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, हातात काठी, पण काठीचा उपयोग चालण्यापेक्षा बोलण्याला जास्त.

"महिनाअखेरपर्यंत हे थांबलं पाहिजे," त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. "शेवटच्या दिवशी पहाटे मी स्वतः येऊन ऐकणार. भुंकला, तर तो इथे राहायचा नाही."

त्याच संध्याकाळी चिमटीच्या मामांचा फोन आला. गावाबाहेर त्यांचं गोदाम होतं. "मला द्या की. दाराशी बांधतो. माझ्याकडे भुंकायचीच नोकरी आहे. साखळी घेऊनच ठेवतो, दहा फुटी."

चिमटी जेवणावरून उठून बोळात आली आणि माझ्यापाशी बसली. मामांचा आधीचा कुत्रा तिने पाहिला होता. साखळी जिथे संपते तिथे जमिनीवर अर्धगोल उमटला होता, आणि त्या अर्धगोलात गवताची एक काडी उगवत नव्हती. हे तिने लंबकाला सांगितलं नाही. मला सांगितलं. पिंजऱ्याला सांगितलेलं बाहेर जात नाही, असं तिला वाटलं असावं. आता बघा, मी तुम्हाला सांगून बसलो.

तेव्हा मला एक गोष्ट ठाऊक होती, जी घरात कोणालाच ठाऊक नव्हती. ऐका.

पहिलं भुंकणं व्हायचं चार पन्नासला. घड्याळजी अनवाणी, श्वास रोखून यायचे. "शू. कोणाला सांगू नकोस," असं म्हणून एक बिस्कीट सळयांतून आत सरकवायचे. लंबक गप्प. घड्याळजी परत. पाच वाजून पाच मिनिटांनी दुसरी फेरी. आता ती नियमांची पक्की बायको यायची, पदराखाली दुधात बुडवलेला पाव घेऊन. "फक्त आजच्या दिवस हं, राजा." हे ती रोज म्हणायची. लंबक गप्प. पाच वीसला तिसरी फेरी, आणि चिमटी दार उघडून त्याला सरळ आपल्या पांघरुणात घेऊन जायची, सहाच्या आत आणून ठेवायची.

आणि नाश्त्याला तिघं एकमेकांकडे बघून काय म्हणायचे?

"मी तर उठलोच नाही."

"उठायचंच नाही मुळी, नियम म्हणजे नियम."

"मला ऐकूच आलं नाही."

प्रत्येकाला वाटायचं, आपल्या एका युक्तीने गप्प बसतो बापडा, उरलेल्या दोघांनी फक्त नियम पाळावा. लंबकाच्या बाजूने हिशेब सरळ होता. एकदा भुंकलं की बिस्कीट, दुसऱ्यांदा पाव, तिसऱ्यांदा गादी. अशी नोकरी कोण सोडेल? चौथी फेरी मारली असती तर कदाचित घड्याळजींनी दुकान त्याच्या नावावर करून दिलं असतं.

पण तो मुळात चार पन्नासलाच का उठतो, हे मलाही कळत नव्हतं. मी घुशीवर संशय घेतला. मग वाऱ्यावर. मग नर्सबाईंच्या सासऱ्यांच्या खोकल्यावर. संशय घ्यायला पैसे पडत नाहीत.

सोमवारी पहाटे साडेचारलाच घड्याळजी उठले. लंबकाला त्यांनी बाहेर काढून जिन्याच्या पायरीशी बांधलं. डोळ्याला भिंग लावलं, दातांत लांब स्क्रूड्रायव्हर धरला. मित्रांनो, हसू नका, ही त्यांच्या धंद्यातली पद्धत आहे. कानाला न कळणारी घड्याळातली कुरकुर दातांना कळते. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक दातांत आणि दुसरं यंत्राला टेकवलं, की बारीकसारीक थरथर हाडांतून सरळ डोक्यात जाते. पिल्लाला काय कळतं ते पिल्लाच्या जागी बसल्याशिवाय समजायचं नाही, असा त्यांचा विचार. तेव्हा ते माझ्यात शिरले. डोकं आलं, एक खांदा आला, दुसरा खांदा तिरका करून आला. पाय बोळातच राहिले.

चार पन्नास झाले. भिंतीपलीकडे बेकरीवाल्याने पीठ मळायचं यंत्र सुरू केलं. भिंत जाड, आवाज काही येत नाही. पण मला शिरशिरी आली. घड्याळजी एकेक सळई दातांनी तपासत दारापर्यंत आले, खिटीला टोक लावलं आणि एकदम "ऊं" म्हणाले. बाहेर लंबक माझ्याकडे तोंड करून भुंकायला लागला.

घड्याळजींकडे नव्हे. माझ्याकडे.

खिटी थरथरत होती. वेल्डरने "चालतंय" म्हणून सोडलेली खिटी, बेकरीच्या यंत्राबरोबर किणकिणत होती, आणि पिल्लाच्या कानाला ते ऐकू येत होतं. पहाटेच्या अंधारात त्याची खोली त्याच्याशी बोलायला लागायची, आणि तो घाबरून उत्तर द्यायचा. बुधवारी बेकरी बंद, म्हणून बुधवारी सगळं शांत.

आणि मी जगभर चोर शोधत होतो.

घड्याळजींना बाहेर यायचं होतं, पण आलेला खांदा परत जाईना. तोंडात स्क्रूड्रायव्हर, त्यामुळे हाकही मारता येईना. लंबकाचा आवाज चढला. तेवढ्यात नर्सबाई जिना उतरल्या. आज सोडायचं नाही, असंच ठरवून आल्या होत्या. खालच्या पायरीवर त्या थांबल्या. पिल्लू बाहेर, घड्याळजी आत.

"शेवटी तुम्हालाच कोंडलं का?" त्यांनी विचारलं.

"ऊं ऊं," घड्याळजी म्हणाले.

"भुंकू नका, वर म्हातारं माणूस झोपलंय."

मग त्या खाली बसल्या आणि इतक्या हसल्या, की त्यांनाच जिन्याचा कठडा धरावा लागला. हसून झाल्यावर त्यांनी घड्याळजींचे पाय धरले, "श्वास सोडा, खांदा ढिला करा, ढिला म्हणजे ढिला," असं म्हणत त्यांना बाहेर ओढलं. खिटीची गोष्ट ऐकल्यावर त्यांनीही माझ्या खिटीला बोट लावून बघितलं.

"खरंच की," त्या म्हणाल्या. त्यांचा राग कुठे गेला, ते त्यांनाही कळलं नाही.

घड्याळजींनी त्याच दिवशी जुन्या घड्याळांचे चामडी पट्टे कापून खिटीभोवती गुंडाळले, माझ्या चारही पायांखाली घातले आणि मला भिंतीपासून हातभर दूर सरकवलं. मंगळवारी पहाटे बेकरीचं यंत्र सुरू झालं. मी गप्प. पूर्ण गप्प. जन्मात पहिल्यांदा.

लंबक उठला आणि भुंकला.

नर्सबाई ऐकायला मुद्दाम जिन्यात येऊन बसल्या होत्या. अंधारात त्या कोणाला दिसल्या नाहीत. त्यांना मात्र सगळं दिसलं, बिस्कीट, पाव आणि गादी, वेळापत्रकाप्रमाणे. सकाळी नाश्त्याला त्या न बोलावता आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"काल रात्री कोण कोण उठलं?"

"मी तर उठलोच नाही," घड्याळजी म्हणाले.

"बिस्कीट कुठलं होतं? क्रीमचं?"

घड्याळजींनी चहात बघितलं. बायको नवऱ्याकडे वळली, "म्हणजे तुम्ही..."

"आणि वहिनी, दुधात साखर होती का?"

चिमटी हसायला लागली. नर्सबाईंनी फक्त तिच्याकडे बघितलं, तशी तीही थांबली.

"आमच्या वॉर्डात एक पेशंट होता," नर्सबाई म्हणाल्या. "घंटा वाजवली की कोणीतरी येतं, गप्पा मारतं, हे त्याला कळलं. मग दुखो न दुखो, घंटा. रागावून उपयोग नाही, रागवायलाही माणूस येतंच ना. मी काय केलं, घंटा वाजायच्या आधी जायचे. उशी नीट करायची, काही लागतंय का बघायचं, निघून यायचं. घंटा वाजली तर थांबायचं, गप्प झाला की मगच जायचं. हळूहळू विसरला."

घड्याळजींनी कप खाली ठेवला आणि भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "खिटी गप्प केली म्हणजे किल्ली मी काढली, पण घड्याळ आता आपलं आपण चालतंय. पुढे धावणारं घड्याळ आहे हे."

"मग काटे मागे फिरवा," बायको म्हणाली.

"काटे फिरवून घड्याळ सुधारत नाही. आतला खटका केसभर सरकवायचा आणि एक दिवस वाट बघायची. पुन्हा केसभर. पुन्हा वाट."

महिना संपायला अठरा दिवस होते.

पहिल्या पहाटे घड्याळजी चार चाळीसलाच आले. लंबक झोपेत होता. दार उघडलं, त्याला अंगणात नेलं, त्याने आपलं काम केलं, परत आणलं, दार लावलं. शब्द नाही, बिस्कीट नाही, डोक्यावर हातसुद्धा नाही. लंबक त्यांच्या पाठमोऱ्या पायांकडे बघत राहिला, दुकान अचानक बंद झालेल्या गिऱ्हाइकासारखा. मग पाच पाचला त्याने पाव मागितला. पाव आला नाही. त्याने आणखी मोठ्याने मागितला.

मित्रांनो, ते दिवस फार वाईट गेले. आधीपेक्षा भुंकणं वाढलं. बंद दाराआड तिघं बसलेले मला कळायचे. नियमांच्या पक्क्या बायकोने एकदा कडीला हात घातला, तर घड्याळजी कुजबुजले, "आता दिलास, तर तासभर भुंकलं की पाव मिळतो, हे शिकेल तो." नर्सबाई कानांत कापूस घालून झोपायच्या आणि सकाळी विचारायच्या, "काल किती?" वीस मिनिटं. चौदा. नऊ. कागदावर आता भुंकण्याची मिनिटं उतरू लागली. घड्याळजी रोज पाच मिनिटं उशिरा येत. चार पंचेचाळीस, चार पन्नास, चार पंचावन्न, पाच.

सहाव्या दिवशी चिमटीचा धीर सुटला. आदल्या रात्री मामांनी फोनवर साखळीची लांबी पुन्हा सांगितली होती. तिने वडिलांच्या उशाजवळचं घड्याळ गुपचूप पंचवीस मिनिटं मागे केलं. पाच पाचच्या जागी एकदम साडेपाच झाले म्हणजे काम लवकर होईल, असा तिचा हिशेब. घड्याळजी गजरावर उठून आले, तोवर लंबक वीस मिनिटं भुंकून घसा बसवून उभा होता. घंटा वाजली आणि माणूस आलं. सगळं शिकवलेलं पाण्यात.

चिमटीने नाश्त्याच्या आधीच कबूल केलं. तिचे बाबा रागावले नाहीत. त्यांनी तिला दुकानात नेलं, एक बिघडलेलं मनगटी घड्याळ उघडून तिच्यासमोर ठेवलं. कोणीतरी घाईत खटका जोरात ढकलला होता, केसाएवढी स्प्रिंग गुंतून गेली होती.

"हे सुधारेल?" तिने विचारलं.

"सुधारेल. पण आता जास्त दिवस लागतील."

पुन्हा चार पन्नासपासून सुरुवात झाली. महिना संपायला बारा दिवस. पाच-पाच मिनिटं मोजली तर शेवटच्या दिवशी पावणेसहा. आणि या वेळी घड्याळजींच्या मागे चिमटीही यायची, ओठ मिटून. लंबकाला अंगणातून आणताना तो तिच्या पायांत पायांत करायचा, पण ती खाली बघायची नाही. हे तिला किती जड जायचं, ते तिच्या चालण्यावरून मला कळायचं. दिवसभर मात्र ती त्याच्याशी एवढी खेळायची, की संध्याकाळी दोघंही माझ्यात डोकं घालून पडलेले असायचे. शेवटच्या आठवड्यात कागदावर चार, दोन, दोन, शून्य, एक, शून्य असे आकडे होते. त्या एकने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला.

शेवटच्या दिवशी पहाटे पाचला मालकीणबाई आल्या. शाल पांघरलेली, काठी मांडीवर आडवी. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. घरातले सगळे आत, दार लावून. वरून नर्सबाईंच्या पावलांचा आवाज आला आणि थांबला. त्याही जाग्या असाव्यात.

आता जे सांगतो, ते मी एकट्याने पाहिलं आहे.

पाच दहाला मालकीणबाईंची मान खाली गेली. पाच पंधराला त्या घोरू लागल्या, शिट्टी वाजवून शेवटी पूर्णविराम दिल्यासारखं. पाच वीसला, म्हणजे गादी मिळायच्या जुन्या वेळेला, लंबक जागा झाला.

तो उठला. अंग ताणलं. समोर कधी न पाहिलेली म्हातारी बाई, काठी, शाल आणि तो आवाज. त्याचे दोन्ही कान उभे राहिले, आडवासुद्धा. छाती फुगली. तोंड उघडलं. माझ्या साऱ्या सळया आवळून आल्या. मला हात असते तर मी त्याचं तोंड दाबलं असतं, तोंड असतं तर विनवलं असतं. मी फक्त गप्प बसू शकत होतो, तेवढंच नुकतं शिकलो होतो.

मालकीणबाईंनी शिट्टी वाजवली. लंबकाने मान डावीकडे केली. पूर्णविराम आला. मान उजवीकडे. शिट्टी. डावीकडे. मागे शेपटी त्याच तालात हलायला लागली. असं बराच वेळ चाललं. मग तो चादरीवर बसला, आणि सळयांतून नाक बाहेर काढून त्यांच्या चपलेला टेकवून झोपून गेला.

का नाही भुंकला? माणसं म्हणतील, शिकवणीमुळे. असेल. पण तोंड उघडून मिटण्याच्या मधल्या त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय आलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी रोज विचार करतो.

पावणेसहाला घड्याळजी आणि चिमटी आले. मालकीणबाईंच्या गुडघ्यांना वळसा घालून लंबकाला अंगणात नेऊन आणलं. शाल हलली नाही. सहाला नर्सबाई खाली उतरल्या, त्यांच्या पायरव्याने मालकीणबाईंनी मान झटकन वर केली.

"पाचपासून टक्क जागी आहे मी," त्या म्हणाल्या. "हूं नाही की चूं नाही. दारसुद्धा वाजलं नाही."

"पण दार तर उघडलं होतं," चिमटी म्हणाली. "पावणेसहाला, तुमच्या समोरूनच..."

बायकोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मालकीणबाईंनी चिमटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चपलेवर उमटलेल्या ओल्या नाकाच्या डागाकडे.

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "उघडलं. वाजलं नाही." काठी टेकून उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "राहू दे त्याला."

चिमटीने मामांना स्वतः फोन केला. काय बोलली ते ऐकू आलं नाही, कारण लंबकाने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. सहा वाजून गेले होते, कोणी काही म्हटलं नाही.

मित्रांनो, आता तो इतका मोठा झाला आहे, की माझ्यात निम्माच मावतो. माझं दार काढून ठेवलं आहे. दुपारी तो खांद्यापर्यंत आत झोपतो, उरलेला कुत्रा बोळात पसरलेला असतो आणि येणारेजाणारे त्याला ओलांडून जातात. माझा निळा रंग उडत चालला आहे. सांध्यांत पुन्हा गंज धरतोय. चिमटी परीक्षेच्या गडबडीत असते, सँडपेपर कपाटात आहे, मी काही बोलत नाही.

पण तुमच्या घरी एखादं पिल्लू पहाटे भुंकत असेल, तर एवढं माझं ऐका. त्याला ओरडू नका आणि बिस्कीटही देऊ नका. आधी गुडघे टेका, खाली वाका आणि त्याच्या जागेवरून बघा, तिथे काय थरथरतंय. कदाचित चुकी पिल्लाची नसेल. कदाचित माझ्यासारखा एखादा जुना, निर्दोष वाटणारा, गप्पिष्ट म्हातारा शेजारी असेल, ज्याला स्वतःचाच आवाज कधी ऐकू आला नाही.